हळदीच्या कॅसेटसाठी चार इंची स्पीकर

गंगाखेडला कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरासमोरून उसाचे ट्रॅक्टर जातात. त्यांच्यावर बसवलेले स्पीकर गाणं वाजवतात की आमच्या खिडक्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अशा गावात मी चार इंची स्पीकरच्या पेट्यांचं माप घेऊन सुताराकडे गेलो, तेव्हा त्यानं कागद दोनदा उलटा-सुलटा करून पाहिला.

"सर, एवढुसे? गल्लीच्या टोकाला तरी आवाज जाईल का?"

"गल्लीत न्हाई पाठवायचा. खोलीतच ठेवायचाय."

"मग मोबाइल काय वाईट हाय?" असं म्हणून तो रंधा मारायला लागला. मला राग आला, पण त्याच्याशिवाय कोपरे नीट जुळवणारा दुसरा कोणी नाही, म्हणून गिळला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. जन्मभर ध्वनीचा धडा शिकवला आणि घरात धड ऐकायला काही नव्हतं. निवृत्तीनंतर मागची खोली रिकामी केली. दहा बाय अकरा फूट, आधी तिथं सोयाबीनची पोती असायची. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या, मधोमध एक खुर्ची ठेवली. बायको म्हणाली, "अहो, पाहुणे आले तर ही खोली कशाची म्हणून सांगायची?" मी म्हटलं, ऐकायची.

खरं कारण तिला माहीत होतं. माझ्याकडे एक कॅसेट आहे. आत्याच्या लग्नातली, हळदीच्या दिवसाची. मी तेव्हा अकरावीत होतो. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला, हळदीच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवला, बटण दाबलं आणि "बायकांत तुझं काय काम" म्हणून लगेच बाहेर हाकलला गेलो. पुढच्याच वर्षी आई गेली. तिचे दोन फोटो आहेत. आमच्यात पुरतात, त्यामुळे शेतात बांधाच्या कडेला तिची समाधी आहे. आणि ही कॅसेट.

आमच्या घराण्यात हळदीचं पहिलं गाणं थोरल्या सुनेनं म्हणायचं अशी रीत आहे. थोरली सून म्हणजे माझी आई. कॅसेटवर पहिलंच गाणं एका बाईनं एकटीनं म्हटलेलं आहे, बाकीच्या नंतर सूर मिळवतात. तेव्हा तो आवाज कोणाचा, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. आई गेल्यावर मी ते गाणं इतक्यांदा ऐकलं की टेप घासून जाईल म्हणून भीती वाटायला लागली. मी ते लावलं की अप्पा, म्हणजे माझे वडील, काही न बोलता उठून बाहेर जायचे. त्यांना सहन होत नसेल, असं मी समजायचो. पुढं परभणीत एका दुकानात ती कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. पण इअरफोन लावून ऐकणं मला जमलं नाही. कानात बोळा कोंबून आईला चोरून ऐकल्यासारखं वाटायचं. मला ती समोर बसून गायला हवी होती.

म्हणून फुलरेंज. साध्या पेटीत जाड आवाजाला एक स्पीकर, बारीक आवाजाला दुसरा, आणि आतलं सर्किट आवाजाची वाटणी करून देतं. फुलरेंजमध्ये एकच स्पीकर सगळं वाजवतो. खालचा दणका कमी येतो, अगदी वरची धारही थोडी बोथट होते, पण माणसाचा आवाज एकाच ठिकाणाहून येतो. माणसाला तोंड एकच असतं, तेव्हा मला ते पटलं. आमच्या घरात आधीच वाटण्या झालेल्या आहेत. पाथरीला मुलाकडे राहणाऱ्या धाकट्या काका-काकूशी आमचं वर्षानुवर्षं बोलणं नाही. निदान आईच्या आवाजाची तरी वाटणी नको, असं मी बायकोला म्हणायचो आणि आपण फार छान बोललो असं मला वाटायचं.

स्पीकर निवडायला मी सहा महिने घेतले. आठ इंचीचा मोह झाला, पण त्याला कपाटाएवढी पेटी लागते आणि ऐकणाऱ्याला लांब बसावं लागतं. माझ्या खोलीत लांब बसायचं म्हणजे अंगणात बसायचं. तीन इंचीत आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल अशी धास्ती होती. शेवटी चार इंचीवर आलो आणि दोन जोड्या मागवल्या. एकीचा पडदा मऊ कागदाचा, दुसरीचा पातळ धातूचा. प्लायच्या तात्पुरत्या पेट्यांत बसवून दोन्ही वाजवून पाहिल्या. मुद्दाम कॅसेट लावली नाही, बातम्या लावल्या. कॅसेट पक्क्या पेट्यांतच ऐकायची, असं ठरवलं होतं.

बायको कागदाच्या जोडीपाशी थांबली. "ही घ्या. कानाला बरी वाटायलीय."

"बरी वाटते कारण झाकते," मी म्हटलं. "धातूची काही झाकत नाही."

"झाकलं तर काय बिघडतंय?"

मी तिला वर्गातल्या पोराला समजवावं तसं समजावलं. आलेखही काढून दाखवला. ती भाजी निवडत हो-हो म्हणाली. सुतारानं सागवानी पेट्या आणल्या, त्यात मी धातूची जोडी बसवली आणि कागदाची खोक्यात घालून माळ्यावर टाकली.

हंगाम संपला होता, रस्ता शांत होता. दुपारी जेवणं झाल्यावर मी अप्पांना हाताला धरून खोलीत आणलं आणि त्या एकुलत्या खुर्चीवर बसवलं. त्यांचे गुडघे गेलेत, धरल्याशिवाय उठता येत नाही. म्हणजे या वेळी त्यांना उठून जाता येणार नव्हतं. हे माझ्या मनात होतं, कबूल करतो. आयुष्यात एकदा तरी त्यांनी माझ्याबरोबर तिला ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती.

गाणं सुरू झालं. बांगड्या वाजल्या. कोणीतरी पाटा सरकवला. गाणारीनं श्वास घेतला तोही ऐकू आला. मी डोळे मिटले. दुसऱ्या कडव्याच्या आधी नेहमी एक खरखर यायची, तिला मी इतकी वर्षं टेपचा दोष समजत होतो. या वेळी तिथं खरखर नव्हती. तिथं गाणारी हसली होती. तीनदा, तुटक, आणि शेवटी श्वास आत ओढून. तसं हसणारी बाई आमच्या घरात एकच होती. मी डोळे उघडले.

अप्पा माझ्याकडेच पाहत होते. कपाळावरचा भस्माचा पट्टा घामानं ओला झाला होता.

"अप्पा, ही कोण?"

"आता कळलंच की तुला."

"काकू?"

"धाकटीच हाय ती. तुझ्या मायला कुठं गाणं येत होतं? कधीच म्हणलं न्हाई तिनं. रीत म्हणून तिला पुढं बसवलं, आन् तिनं धाकटीला म्हणायला लावलं. मला त्याच दिवशी सांगितलं तिनं. लय लाजली होती."

"मला का नाही सांगितलं?"

"तू ते लावून रडायचास. रडून झालं की जेवायचास. मग काय सांगू? मलाच बाहेर जाणं सोपं होतं."

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही, कारण ओरडून काय परत मिळणार होतं? माझ्या आठवणीत भाकरी थापताना गुणगुणणारी आई होती. तुळशीपाशी गाणारी आई होती. माझ्या पोरांना मी त्या आईच्या गोष्टी सांगितल्या आहेत. ती सगळी मीच त्या कॅसेटवरून तयार केली होती, एका अशा बाईच्या आवाजावरून, जिच्या दारात मी पाऊलही टाकत नाही. आणि खऱ्या आईचा आवाज कसा होता, हे मी आठवायला गेलो तर आत काहीच नव्हतं. अगदी काहीच नाही.

गाणी चालूच होती, बंद करायचं भान राहिलं नाही. एकामागून एक संपली. त्यापुढचं पूर्वी मी कधी ऐकत थांबायचो नाही, कारण तिथं फक्त सू-सू आवाज असायचा. आता त्यात दार वाजलं. पावलं आली. ती माझी, टेप उलटवायला आत आलेल्या माझी. आणि लांबून, खोलीच्या पार कोपऱ्यातून एक बाई बोलली. आवाज जाडसर, थोडा बसलेला. मला तो ओळखू आला नाही.

अप्पांनी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरला. "ही," ते म्हणाले. "ही हाय तुझी माय."

मी मागं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. त्यानंतर रोज दुपारी लावतो आणि तो आवाज आईचा म्हणून ओळखीचा व्हायची वाट पाहतो, अजून होत नाही. माळ्यावरची कागदाची जोडी काढून बसवावी, असंही मनात येतं, पण आता तिच्यातूनही मला काकूच ऐकू येईल.

"बस झालं," टेपवर आई म्हणते, "बंद कर रे ते." आणि लगेच बटणाचा खट्ट आवाज येतो. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, सांगितलेलं ऐकायचो.