निवडलेली पेंड

नव्वदच्या दशकात बारामतीजवळच्या एका पशुखाद्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. साहेबांनी तिथं अवरक्त किरणांचं एक मशीन आणलं होतं. शेंगदाणा पेंड दळायची, भुकटी वाटीत भरायची, की किरण टाकून मशीन सांगणार, पेंडेत बुरशीच्या विषाचा संशय आहे की नाही. ऐकायला झकास. पण मशीनला आधी शिकवावं लागतं आणि शिकवणारी मी. प्रत्येक नमुना जुन्या पद्धतीनंही तपासायचा: क्लोरोफॉर्ममध्ये भिजवायचा, गाळायचा, काचेच्या पट्टीवर थेंब सोडायचा आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली विषाची निळी चमक शोधायची. दोन वर्षं हेच केलं. संध्याकाळी कोऱ्हाळ्याची एसटी धरायचे तेव्हा डोकं ठणकत असायचं आणि केसांतून पेंडेचा वास जाता जात नसे. आई म्हणायची, एवढी शिकलीस आणि शेवटी पेंडच कुटतेस. तिचं काही चूक नव्हतं.

त्यात वाईट नमुने मिळतच नव्हते. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून नमुन्याच्या पिशव्या यायच्या, सगळ्या कशा स्वच्छ. खराब पेंड पाहिल्याशिवाय मशीन ती ओळखणार कशी? ओल धरलेली पोती मागवून आणली आणि कसंबसं भागवलं.

मशीन जेमतेम मार्गी लागलं तेव्हा बावड्याहून एक म्हातारे गृहस्थ आले. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांची गाभण म्हैस वैरणीला तोंड लावत नव्हती आणि डॉक्टरांना पेंडेचा संशय होता. त्यांनी आणलेली पेंड मी मशीनला दिली, काचेवरही पाहिली. दोन्हीकडं स्वच्छ. मी तसं लिहून दिलं. तात्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. इतक्या दिवसांत आपण पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलो, असं वाटून मी त्या दिवशी खुशीत घरी गेले.

तीन आठवड्यांनी निरोप आला, म्हैस पोटातल्या रेडकासकट गेली. कुठं चुकलं ते बघून ये, असं साहेबांनी सांगितलं. मी बावड्याला गेले तेव्हा तात्या रानात होते आणि गोठ्यात त्यांची बायको होती. पेंडेचं पोतं अजून निम्मं शिल्लक होतं. हात खाली घातला तर हिरवट बुरशीनं चिकटलेले तुकडे हाताला लागले. नमुना कुठून काढला होता, असं मी विचारलं.

"कचेरीत न्यायची म्हणल्यावर घाण कशी द्यायची, बाई? चांगलं चांगलं निवडलं, उनात वाळवलं, मग पिशवी भरली."

उरलेली त्यांनी भिजवून रोज म्हशीला घातली होती. पेंड चांगली असल्याचं माझ्याच कागदात लिहिलेलं होतं ना.

मला त्यांचा राग आला, आणि मग स्वतःचा जास्त. आमच्याही घरून कुणाकडं काही पाठवायचं तर आई सुपात घेऊन निवडूनच पाठवते. हे माहीत असून दोन वर्षांत पोत्याच्या वरची, मधली, तळाची अशी पेंड आणा, असं मी एकालाही सांगितलं नव्हतं. पिशव्या स्वच्छ का येतात, हे तिथं उभ्या उभ्या कळलं.

माझं तोंड बघून त्यांनाही काहीतरी कळलं असावं. दावणीच्या रिकाम्या खुंट्याकडं बघत त्या हळूच म्हणाल्या, "मग माझ्याच हातानं गेली व्हय ती?"

"न्हाय मावशी," मी म्हणाले. "मशीनच चुकलं."

त्या खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. ते पोतं मी समोर उभी राहून खड्ड्यात पुरायला लावलं. जाताना त्यांनी मला चहा पाजला.

त्यानंतर बावड्याहून एकही पिशवी आली नाही. ते मशीन चुकतं, तिथल्या बाईंनी स्वतः सांगितलंय, असं गावात सगळे म्हणत होते. आणि घराघरांतली पेंड तपासल्याशिवायच जनावरांपुढं जात राहिली.