तळघरातली मापं

किस्से कुणी जमवत नाही. शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साचतात तसे ते साचत जातात. आमचे तर खरोखरच तिथे साचले. म्हैसूरच्या जुन्या पेठेतल्या एका गल्लीत (नाव लिहीत नाही, का ते कळेलच) गणपतरावांचं टेलरिंगचं दुकान आहे. खालच्या तळघरात पूर्वी दसऱ्याला बन्नीमंटप मैदानावर होणाऱ्या मशाल-संचलनाचे पोशाख शिवून ठेवत. आता कित्येक वर्षं तिथे दर रविवारी नाटकं होतात. परवाना नाही. कळलं तर कुलूप लागेल! मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. तिथे माझं काम एकच, काळजी करणं.

*

तिकीट नसतं. गणपतराव माणूस पारखून हातात कापडाची चिंधी ठेवतात. त्या आठवड्याच्या रंगाची चिंधी असेल तरच खाली प्रवेश. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या सौरभला त्यांनी विश्वासाने हिरवी चिंधी दिली. दुसऱ्या दिवशी तो ती घेऊन दुकानात हजर!

"काका, कापड छान आहे, पण यात निळी शेड दाखवा ना."

गणपतराव माझ्याकडे वळले. "अय्यो सार, याला तुमीच सांगा!"

*

अनोळखी माणूस खाली आला, की नटांनी रांगेत उभं राहायचं आणि गणपतरावांनी टेप काढून मापं घ्यायची, असा नियम. एकदा ऐन तालमीत मीटर रीडर उतरला. राजा झालेल्या रुक्माक्का मिशीसकट रांगेत! त्यानं सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

पँट शिवून घेऊन गेला. अजून वापरतो.

*

पुढचा किस्सा माझा. तो सांगताना मला हसू येत नाही. एका स्मरणिकेत मी या पेठेचा इतिहास लिहिला आणि ओघात तळघरातली नाटकंही लिहून बसलो. वर तळटीप दिली, 'प्रत्यक्ष पाहिले'! आधाराशिवाय लिहू नका, हे विद्यार्थ्यांना जन्मभर सांगत आलो ना.

रुक्माक्कांनी अंक मिटला. "सार, इतकं शिकून पत्ता पण दिलात?"

*

आठवड्याभरात तपासणी अधिकारी आले. हातात माझीच स्मरणिका. गणपतरावांनी मला बोलावून घेतलं. खाली उतरलो तर नट रांगेत उभे, आणि गणपतराव टेप घेऊन त्यांची मापं घेत होते.

"हे तुम्हीच लिहिलंय?" अधिकाऱ्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"हो."

"मग इथे नाटकं होतात?"

या मंडळींनी मला कधी साध्या पहारेकऱ्याचीही भूमिका दिली नाही. मला खोटं वठवता येत नाही, असं त्यांचं ठाम मत.

"नाही," मी म्हणालो. "ऐकीव माहिती होती. पडताळायचं राहून गेलं."

"तळटीपेत लिहिलंय, प्रत्यक्ष पाहिले."

"तेही चूक. वय झालं."

त्यांनी ते शब्द कागदावर उतरवले आणि माझी सही घेतली. त्यांची नजर रांगेवरून फिरली, कोपऱ्यातल्या पडद्यावर जरा रेंगाळली. मग ते जिना चढू लागले. शेवटच्या पायरीवर थांबले, पण वळले नाहीत.

"गणपतराव, या रविवारी रंग कुठला?"