बाराव्या कमानीपाशी
ओल्या छत्रीचा वास आला की मला ब्रिस्टलमधला तो वॉर्ड आठवतो. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक इटालियन आजी तिथं होत्या, बोलोन्याच्या. मी त्यांची फिजिओ, आणि त्या काही केल्या पलंगावरून उतरायला तयार नव्हत्या. एकदा मी भिजलेली छत्री घेऊनच आत शिरले, तर म्हणाल्या, "आमच्या गावात छत्री लागत नाही. रस्त्याच्या कडेनं सगळीकडे छत असलेल्या कमानी. टेकडीवरच्या चर्चपर्यंत सहाशे सहासष्ट." मी म्हटलं, "मग चला, दाखवा मला. कॉरिडॉरची एकेक खिडकी म्हणजे एकेक कमान." त्यांनी आधी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग हात पुढे केला. माझा हात घट्ट धरून, बाहेरच्या पावसाकडे बघत त्या इटालियनमध्ये मोजत चालल्या. अकराव्या खिडकीशी धापा टाकत थांबल्या. "बाकीच्या उद्या," म्हणाल्या. पण दुसऱ्याच सकाळी त्यांना लेकीच्या गावच्या हॉस्पिटलात हलवलं आणि पुढे त्या चालल्या की नाही, ते मला कधीच कळलं नाही. यंदा मी बोलोन्याला गेले. टेकडीच्या वाटेवर अकरा कमानी भराभर चालले. बाराव्या कमानीपाशी माझा हात आपोआप पुढे झाला, कुणीतरी धरावा म्हणून.