गुणवंतरावांची म्हणे गाडी!

प्रेमिलाबाई भोयर यांच्या नखांत जे काळं ग्रीस बसलंय, ते आता कशानंच निघत नाही. चिंच लावून झाली, रॉकेल लावून झालं, राखेनं घासून झालं. हळदीकुंकवाला हात पुढे केला की बाया आधी नखांकडे बघतात आणि मग तोंडाकडे. आणि त्यांचे यजमान गुणवंतराव? त्यांचे हात पाहावेत! महापालिकेतून निवृत्त झालेल्या बाबूचे असावेत तसे मऊ, स्वच्छ, नखं वेळच्या वेळी कापलेली. तर या दोघांच्या दारात एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार उभी असते, आणि अख्खं हुडकेश्वर तिला काय म्हणतं? गुणवंतरावांची गाडी. घ्या! ज्या माणसाला जन्मात लुनापलीकडे काही चालवता आलं नाही, त्याची गाडी!

गाडी आहे एकोणीसशे अठ्ठेचाळीसची एमजी. दोनच सीट, डोक्यावर छप्पर नाही, लांबुडकं नाक आणि सायकलीसारखी तारांची चाकं. सावनेरकडच्या मँगनीजच्या खाणीवरचा इंग्रज मॅनेजर जाताना ती विकून गेला. पुढे ती या हातातून त्या हातात फिरली, बंद पडली, आणि शेवटी खाणीवरचे फिटर मनोहरराव, म्हणजे प्रेमिलाबाईंचे वडील, ती बैलांनी ओढत कळमेश्वरजवळच्या आपल्या गावी घेऊन आले. घरचे म्हणाले, म्हातारा पागल झाला. गोठ्यात गाडी, गाडीत कोंबड्या, वर कडब्याच्या पेंढ्या. मनोहरराव सुट्टीच्या दिवशी कोंबड्या हाकलून तिच्याशी झटापट करत, आणि पाना द्यायला ही लेक. इंजिन काही हललं नाही. जायच्या आधल्या दिवाळीत ते लेकीला म्हणाले, "पोरी, मी असो का नसो, हिचा आवाज निघाला पाहिजे."

वडील गेले, वाटणी झाली. धाकटा भाऊ जितेंद्र मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, "ताई, तुले काय पाहिजे तं सांग वं, उगाच मनात ठेवू नको."

"मले ती गाडी दे."

सगळे हसले. भावजय तर पदर तोंडाला लावून हसली. जमीन मागेल, सोनं मागेल म्हणून यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि ही मागते भंगार! ट्रॉलीत घालून त्याच आठवड्यात गाडी हुडकेश्वरला पोचती केली, परत विचार बदलायला नको म्हणून. सोबत बाबांची हत्यारांची पेटीही आली. प्रेमिलाबाईंना तेव्हा त्या हसण्याचा एवढा राग आला होता की ट्रॉलीवाल्याला त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

मग बाईंनी काय केलं? शाळेत गणित शिकवून घरी यायचं, पोळीभाजी करायची, आणि कमरेला पदर खोचून पोर्चमध्ये उतरायचं. निवृत्तीनंतर तर दिवसच्या दिवस. या गाडीचा सांगाडा लाकडाचा असतो, वरून नुसता पत्रा. लाकूड वाळवीनं खाल्लं होतं. शहरातल्या महाल भागातला हार्मोनियम दुरुस्त करणारा एक सुतार त्यांनी शोधून काढला आणि त्याच्या मानगुटीवर बसून सगळा सांगाडा आपल्या इकडच्या सागवानात नव्यानं करून घेतला. जाम झालेलं इंजिन डिझेल ओतून ओतून, महिनोन् महिने वाट पाहून, हातानं सोडवलं. दोन कार्बोरेटर जेवणाच्या टेबलावर उघडले आणि त्यांतल्या पितळी सुया लिंबानं घासल्या. नाही जमलं की चिडायच्या, रडायच्या, पुन्हा उघडायच्या. आणि गुणवंतराव काय करत होते? टॉर्च धरून उभे होते. खोटं कशाला बोला, टॉर्च मात्र त्या माणसानं इमानदारीनं धरला. "इकडे का वं? अजून खाली?" एवढंच विचारत, आणि चहा आणून देत.

ज्या सकाळी पहिल्यांदा इंजिन धडधडलं, त्या सकाळी प्रेमिलाबाई पोर्चच्या फरशीवर बसून बाबांच्या नावानं हुंदके देऊन रडल्या. गुणवंतराव पेढे आणायला लुना घेऊन धावले.

आणि मग सुख सुरू झालं बाप्पा! रविवारी सकाळी पुढची काच बोनेटवर आडवी टाकायची, डोक्याला स्कार्फ बांधायचा आणि कळमेश्वरच्या रस्त्याला लागायचं. रस्ता ढुंगणाखालून एक वीतभर अंतरानं पळतोय, संत्र्याच्या बागांचा वास सरळ नाकात शिरतोय, गिअर बदलताना खट्ट असा आवाज येतोय. बाईंच्या तोंडून आपोआप गाणं निघायचं आणि उघड्या तोंडात चिलटं जायची. शेजारी गुणवंतराव टोपी धरून, "हळू वं, हळू!" करत बसलेले. रस्त्यावरच्या एका टपरीवर तर्रीपोहे खायचे आणि परत यायचं. साठी उलटलेल्या बाईला आणखी काय पाहिजे?

पण लोक! टपरीवर गाडी थांबली की गोळा व्हायचे, आणि विचारायचे कोणाला? जी बाई स्टिअरिंगवरून उतरली तिला नाही. तिच्या डोळ्यांदेखत पलीकडून उतरलेल्या गुणवंतरावांना! "काका, कोणतं मॉडेल?" "काका, एव्हरेज काय देते?" "काका, काकूंना पण शिकवली वाटतं गाडी?" सुरुवातीला काका म्हणायचे, "बाईले विचारा." मग म्हणायचे, "आम्ही केली." आणि एका रविवारी प्रेमिलाबाई हात धुऊन येत होत्या, तेव्हा त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं. गुणवंतराव बोनेटवर कोपर टेकून चार पोरांना सांगत होते, "कार्बोरेटरनं लय तरास देला गा मले. दहा वेळा खोलला."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येईपर्यंत त्यांनी गाडी दामटली. दार लावलं आणि सुरू झाल्या.

"अजी, कार्बोरेटर कोणी खोलला?"

"जाऊ दे ना वं. कोण एकेकाले समजावून सांगत बसते? गाडी तं घरचीच आहे."

"घरची आहे? मंग पोळ्याही घरच्याच आहेत. सांगा ना लोकायले, पोळ्या मी लाटतो म्हणून. ते नाही सांगत! काहून?"

गुणवंतराव टोपी खुंटीला अडकवायला वळले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कोणाला आवडत नाही? माणूस वाईट नव्हता, पण पस्तीस वर्षं साहेबांच्या मागे फायली घेऊन फिरलेल्याला पहिल्यांदाच कोणीतरी मान वर करून बघत होतं. ते गोड लागलं. प्रेमिलाबाईंना हे कळत होतं, आणि कळत होतं म्हणून जास्तच चीड येत होती. याच रागात त्यांनी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात नाव दिलं. स्वतःचं, पूर्ण, प्रेमिला गुणवंत भोयर. माहेरचे हसले तर हसले, चारचौघांत एकदा तरी जाहीर झालं पाहिजे की बाबांची गाडी त्यांच्या लेकीनं उभी केली.

मेळाव्याच्या सकाळी त्या मोरपंखी साडी नेसून गाडी चालवत मैदानात आल्या. जागा दाखवली तिथे गाडी लावली, आणि पाहतात तर गाडीपुढे रोवायला छापील पाटी घेऊन आयोजकांचा ऋषिकेश उभा. पाटीवर ठळक अक्षरांत: मालक, श्री. गुणवंतराव भोयर.

"हे काय आहे गा? मी माझं नाव देलं होतं."

"काकू, ते मिस्टेक वाटलं ना आम्हाला," ऋषिकेश गोड हसून म्हणाला. "काकांचं करून टाकलं. फॅमिली तर एकच आहे ना!"

आणि पाटी रोवून पुढच्या गाडीकडे गेलासुद्धा. त्यांनी नाव दिलं, तर ती चूक! प्रेमिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गुणवंतराव बुटाच्या नाडीकडे पाहत होते.

परीक्षक आले. गळ्यात रुमाल, डोळ्यांवर गॉगल. त्यांनी बाईंना ओलांडून गुणवंतरावांशी हात मिळवला आणि विचारलं, "बॉडी फ्रेम ओरिजिनल आहे?"

"हव, लोखंडाची आहे ना. एकदम मजबूत," गुणवंतराव म्हणाले.

"सागाची आहे," बाई दातओठ खात म्हणाल्या. "जुनी सडली होती. नवीन करून घेतली."

"वा!" परीक्षक गुणवंतरावांकडे बघून कौतुकानं हसले. "वहिनींनाही बरंच माहीत आहे की."

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं? पहिलं बक्षीस मात्र त्यांच्याच गाडीला दिलं. माइकवरून ऋषिकेशनं पुकारलं, "श्री. गुणवंतराव भोयर!" गुणवंतराव स्टेजवर गेले, चषक घेतला, फोटो निघाला. मग ऋषिकेश म्हणाला, "आणि ज्यांनी त्यांना ही हौस करू दिली, त्या आमच्या काकू!" काकूंना वर बोलावलं, पाहुण्या बाईंच्या हस्ते कुंकू लावलं आणि ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. नवऱ्याला चषक, हिला नारळ! टाळ्या वाजल्या. ज्या नखांत बाबांच्या पेटीतलं ग्रीस होतं, त्याच हातांनी बाईंनी खण सावरला, आणि पाहुण्या बाई नखांकडे बघून हळूच म्हणाल्या, "अगंबाई, मेंदी बिघडली का?"

"आता आपले विजेते गुणवंतराव गाडीतून मैदानाला एक फेरी मारतील," ऋषिकेशनं जाहीर केलं.

प्रेमिलाबाई स्टेजवरून उतरल्या. सरळ गाडीपाशी गेल्या, ओटी डाव्या सीटवर टाकली. पर्समधून किल्ली काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"घ्या. मारा फेरी."

"प्रेमिला, लोक पाहून राहिले वं," गुणवंतराव कुजबुजले.

"पाहू द्या ना. आतापर्यंत तुमालेच तं पाहून राहिले."

चषक तिथल्या टेबलावर ठेवून गुणवंतराव स्टिअरिंगमागे बसले. किल्ली फिरवली. पेट्रोलचा पंप टिकटिक करायला लागला आणि ते दचकले. चोक कोणता, स्टार्टर कोणता, समोर सगळ्या सारख्याच गोल मुठी. एक ओढली, दिवे लागले. दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं, भोंगा वाजला. लोक हसले. बाई हलल्या नाहीत. त्यांच्या मनात काय आलं म्हणाल तर दया नाही आली, अजिबात नाही. त्यांना वाटलं, बसा असेच, पुरते बसा.

गुणवंतराव खाली उतरले. चेहरा लालबुंद. "मले गाडी येत नाही," ते म्हणाले, पण इतक्या हळू की फक्त ऋषिकेशला ऐकू गेलं. ऋषिकेश तयारच होता. त्यानं माइक तोंडाशी नेला, "काकांची तब्येत जरा बरी नाही. कोणी जेंटलमन ड्रायव्हर आहे का, प्लीज? एक फेरी मारून द्या."

आणि इथे इतकी वर्षं न तापलेला माणूस तापला. गुणवंतरावांनी ऋषिकेशच्या हातातला माइक ओढला.

"कायचा जेंटलमन? अबे, ती आली ना सकाळी चालवत! आंधळे आहात का सारे? हिच्या बापाची गाडी आहे. हिनं बनवली, एकटीनं बनवली. मी टॉर्च धरला, बस! मी... मी खोटं बोललो लोकायपाशी. अन् तुमी तिले नारळ देता?"

माइक शिट्टी मारत राहिला. गुणवंतराव वळसा घालून पलीकडे गेले, डाव्या सीटवर बसले आणि ओटीचा खण, तांदूळ, नारळ स्वतःच्या मांडीवर घेऊन टोपी घट्ट धरली. प्रेमिलाबाईंनी स्टिअरिंगमागे बसून चोक ओढला, स्टार्टर ओढला. इंजिन एका झटक्यात धडधडलं. पाटी गाडीच्या अगदी पुढ्यात होती. "काकू, थांबा, पाटी काढतो!" ऋषिकेश धावत आला. बाईंनी पहिला गिअर टाकला. श्री. गुणवंतराव भोयर कडकड करत चाकाखाली गेले. बाईंनी मैदानाची फेरी मारलीच नाही. फाटकातून गाडी बाहेर काढली आणि कळमेश्वरच्या रस्त्याला लावली.

बाईंचा राग काही उतरला नव्हता. एवढ्या वर्षांचा राग एका माइकनं कसा उतरेल? टपरीवर गाडी थांबली. पोहेवाला नवा होता. फडक्याला हात पुसत तो गाडीभोवती फिरला आणि डाव्या बाजूला वाकला.

"काय काका, मस्त बनवली गाडी. एव्हरेज काय देते?"

बाईंचा हात किल्लीवरच थांबला. गुणवंतरावांनी मांडीवरचा नारळ सावरला.

"मी सवारी आहे गा," ते म्हणाले. "गाडी त्यायची आहे. त्यायले विचार."

पोहेवाला गोंधळला. मग वळसा घालून उजव्या बाजूला आला आणि बाईंना म्हणाला, "काय एव्हरेज देते, बाई?"

प्रेमिलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि सांगायला लागल्या. एव्हरेजपासून सुरुवात केली, मग कार्बोरेटर, मग साग, मग मँगनीजची खाण आणि बाबा. बिचाऱ्यानं एवढं काही विचारलं नव्हतं. पोहे गार झाले, दुसरी गिऱ्हाइकं ओरडायला लागली, तरी बाई सांगतच होत्या.