कार्तिकची सव्वा मूठ

आमच्या स्टाफरूमच्या कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा हरवलेल्या झाकणांचा आहे. मुलं डबे घरी नेतात, झाकणं शाळेत विसरतात. दर जूनमध्ये मी तो कप्पा रिकामा करायला बसते आणि एखादं झाकण हातात आलं की तिथेच थबकते. अरे, हे तर त्या अमक्याचं! मग संगीता ओरडते, "झालं! मॅडमची गोष्ट सुरू!" किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. ते असेच साठत जातात, आणि टाकून द्यायला हात धजत नाही.

तर हे किस्से एका निळ्या झाकणाचे, कार्तिकच्या डब्याच्या. आमची शाळा सुरतेत, लिंबायतमध्ये. छोटी, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक खानदेशी घरांतली. वडील लूमवर, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवणारी. मी मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आले आणि इथलीच झाले. संगीता देसले माझी मैत्रीण, पहिलीचा वर्ग तिच्याकडे. ती धुळ्याकडची आणि आवाजाने सगळ्या शाळेला पुरून उरणारी.

*

माझा एक नियम होता. डबा संपवल्याशिवाय खेळायला जायचं नाही! या नियमाचा मला फार अभिमान होता. पालकसभेत मी तो मिरवायची.

तिसरीत कार्तिक होता. उंची पहिलीच्या पोराएवढी, हातपाय काड्या, पोट मात्र पुढे. डब्यात रोज पोळी-भाजी. भाजी दोन मिनिटांत फस्त, आणि पोळी समोर ठेवून हा बसलेला. मी शेजारी उभी. "चाव. गीळ. पुढचा घास."

एकदा त्याच्या कंपासपेटीत पोळीचे तुकडे सापडले. मी वर्गासमोर उभं केलं. "अन्न लपवतोस? का?"

तो म्हणाला, "बाई, पोळी पोटात चावते."

मी हसले. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जाऊन हा किस्सा रंगवून सांगितला. "आपण पोळी चावतो, ह्याला पोळी चावते!" सगळे खो-खो हसले. हेडसरांना तर ठसका लागला.

तो किस्सा मी दिवाळीपर्यंत सांगत होते. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

*

कार्तिकची आई वैशाली. बोलायला हळू, कामाला वाघीण. ती सांगायची, "बाई, ह्याच्या अंगाला काही लागतच नाही. सासूबाई रोज नजर काढतात."

नजर काढून झाली की आजी त्याला शिरा करून घालायच्या. कधी शेवया, कधी तुपातली पोळी. पोर जितकं वाळत जाई, तितका गहू वाढत जाई! आजींचं बालपण भाकरीवर गेलेलं. लग्नानंतरही गावाकडे भाकरीच. सुरतेला आल्यावर घरात रोज गव्हाची पोळी होऊ लागली, हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं सुख. पोळी नातवाच्या ताटात वाढताना त्यांचा चेहरा बघावा, असं वैशाली म्हणायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली ती हातात फाइल घेऊनच. रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, पोटात दुर्बीण घालून झाली होती.

"बाई, गहू बंद."

"किती दिवस?"

"कायमचा," ती म्हणाली आणि बाकावर बसून रडली.

*

स्टाफरूममध्ये परिषद भरली.

हेडसर म्हणाले, "गव्हाची ॲलर्जी? हे नवीनच! पण बिस्किट चालेल ना? ते तर बेकरीत होतं."

"सर, बिस्किट कशाचं असतं?"

"मैद्याचं."

"आणि मैदा?"

संगीता म्हणाली, "मग रवा?" रवा गव्हाचाच. "शेवया?" त्याही. मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "मी त्याला माझ्या डब्यातली साधी डाळ देत जाईन." घरी जाऊन हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचलं. हिंगात गव्हाचं पीठ! लग्नाला वीस वर्षं झाली, रोज फोडणीत टाकते, आणि मला ह्याचा पत्ताच नाही!

वैशालीने मला डॉक्टरांकडे सोबत नेलं, कारण तिला ते सगळं एकटीला झेपेना. मी तिथे उगाच आपलं तोंड उघडलं. "डॉक्टर, मलाही आहे ॲलर्जी. दुधाने पोट फुगतं. आणि आमच्या संगीताच्या भाचीला शेंगदाण्याची आहे."

डॉक्टर तरुण होत्या, पण चांगल्याच खमक्या. "मॅडम, तिघांना एका माळेत ओवू नका. दूध तुम्हाला पचत नाही, तुम्ही वैतागता आणि संध्याकाळी बऱ्या होता. त्या भाचीचे ओठ एका दाण्याने सुजतील, श्वास अडकेल. तिला तेव्हाच्या तेव्हा दवाखान्यात न्यावं लागेल. आणि ह्याचा आजार सीलिॲक. गव्हाने ह्याचं आतडं आतून झिजतं. वरून दिसत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं पोर नाटक करतंय."

नाटक करतंय, हे शब्द त्यांनी माझ्याकडे बघून म्हटले नव्हते. मला मात्र तसंच वाटलं.

*

आमच्या वर्गात दिव्या नावाची एक ठिणगी आहे. मी वर्गाला कार्तिकचं पथ्य समजावून सांगितलं, त्या दिवसापासून ही स्वतःहून इन्स्पेक्टर झाली. कुणाचा वाढदिवस असला की चॉकलेट आधी तिच्या हातात. पाकिटाची मागची बाजू वाचणार, मग वाटप. जिला धडा वाचायला सांगितलं की डोकं दुखायचं, ती आता 'घटक पदार्थ' खडाखडा वाचायची!

सव्वीस जानेवारीला ट्रस्टी साहेब लाडू वाटत होते. रांग पुढे सरकत होती. कार्तिकचा नंबर आला आणि मागून दिव्याने साहेबांचा हातच धरला.

"साहेब, यात रवा आहे का?"

साहेब गोंधळले. "बेटा, मला माहीत नाही."

"मग विचारून या. तोपर्यंत लाइन थांबेल."

साहेबांनी खरंच हलवायाला फोन लावला! फोन ठेवून म्हणाले, "बेटा, थोडा रवा छे." दिव्याने कार्तिकला रांगेतून बाजूला घेतलं आणि आपल्या दप्तरातून राजगिऱ्याची चिक्की काढून दिली. ती तिने आदल्या दिवशीच आणून ठेवली होती.

*

पण खरी लढाई घरी होती. फेब्रुवारीत कार्तिकचं पोट पुन्हा बिघडलं. वैशालीला कळेना. शेवटी उलगडा झाला. आजी लपूनछपून तुकडा देत होत्या. "इतलासा!" म्हणून करंगळीचं पेर दाखवत.

मी निरोप पाठवून त्यांना बोलावलं. आजी आल्या त्या तावातावाने. त्या अहिराणी बोलतात, मला जमेल तसं लिहिते.

"तुमी मास्तरीण! मना नातूले गहू बंद करतस? भाकर खाईसन आमी गाव सोडं. आते त्याले परत भाकरच?"

मी आपली डॉक्टरांची वाक्यं म्हणत राहिले. तुकडाही नको, चुराही नको, वेगळा तवा हवा, वेगळी परात हवी, पोळीचं लाटणं त्याच्या भाकरीला लागायला नको. आजींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की ही बाई अर्धवट आहे. पिठाचा हात लागून कुणी आजारी पडतं का?

तेवढ्यात संगीता आत आली. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "आजी, रोटाचं पीठ कसं सांभाळता हो तुम्ही?"

मला रोट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचं गव्हाचं पीठ आणि त्याच्या पोळ्या, दोन्हीला म्हणतात रोट. पीठ दळायच्या आधी गिरणी झाडूनपुसून घेतात, भांडी वेगळी, दुसऱ्या पिठाचा कण मिसळू देत नाहीत. आणि तो रोट खायचा फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी. बाहेरच्याला तुकडाही नाही.

आजी थांबल्या. माझ्याकडे बघितलं, संगीताकडे बघितलं.

"आसं सांगा ना मंग! रोटसारखं!"

डॉक्टर, मी, फाइल, इंटरनेट, सगळं एका बाजूला. रोट या एका शब्दाने काम झालं. दुसऱ्या दिवसापासून कार्तिकचा तवा वेगळा, परात वेगळी, आणि त्याला शिवायची सुनेलासुद्धा परवानगी नाही!

*

आजींनी गिरणीवाल्यालाही सोडलं नाही. सकाळी गिरणी उघडायच्या आधी दारात हजर. आधी गिरणी झाड, पूस, मग कार्तिकची ज्वारी. आठवड्याला एकदा.

तो वैतागला. "आजी, तुमनाकडे बारमाही कानबाई बसनी का?"

"हा, बसनी. आते पूस!"

पण डॉक्टर म्हणाल्या, झाडलेल्या गिरणीचाही भरवसा नाही, आत पीठ राहतंच. आजींनी एक दिवस विचार केला आणि धाकट्या मुलाला गावी पाठवलं. तो त्यांच्या सासूचं जातं घेऊन आला, एसटीच्या टपावरून. मी बघायला गेले होते. आजी ते ओल्या फडक्याने पुसत होत्या.

"या जातानं गहू पाहेलच नही," त्या म्हणाल्या. "गहू व्हताच कुठे आमनाकडे!"

मी सहज विचारलं, "कधीच नाही? रोटाचासुद्धा?"

आजी जातं पुसत राहिल्या.

*

जूनमध्ये शाळा उघडली. प्रार्थनेच्या रांगेत कार्तिक कायम पहिला उभा असायचा, उंचीनुसार. आता तो चौथा होता! मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "कार्तिक, त्या पोळीबद्दल मला माफ कर. तू खरं सांगत होतास, मी ऐकलं नाही."

त्याने जरा विचार केला. "बाई, दिव्याला पण तुम्ही भेंडी संपवायला लावता."

त्या दिवशी माझा नियम गेला. दिव्याची भेंडी सुटली.

मग श्रावण जवळ आला तसा हा पुन्हा गप्प राहू लागला. एकदा वही तपासायला घेऊन आला आणि हळूच विचारलं, "बाई, रोट घरातलेच खातात ना? मग मी नाही खाल्ला तर मी घरातला राहतो का?"

मी वहीवर सही केली.

*

कानबाईच्या रविवारी मी आणि संगीता सकाळीच त्यांच्याकडे गेलो, मखर सजवायला. खोलीत भाऊबंद दाटीवाटीने बसलेले. गावाहून आजींचे दीर आले होते, घरातले सगळ्यात मोठे पुरुष. त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही, असं वैशाली कानात म्हणाली.

त्यांच्या घरी रोटाचे गहू माणसागणिक मोजतात. एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ सुपात टाकायची. दीर नाव घेत होते, आजी मूठ टाकत होत्या. दिरांचं झालं, मुलांचं झालं, पुतण्यांचं झालं.

"कार्तिक," दीर म्हणाले.

आजींचा हात गव्हाच्या पोत्यावर थांबला.

कार्तिक दाराशी उभा होता. वैशालीने साडीचा पदर तोंडाशी धरला.

"टाका वहिनी," दीर म्हणाले. "पोरगं खाओ ना खाओ, मूठ टाकावीच लागेल. नाव फक्त मेलेल्याचं वगळतात."

"त्यानी मूठ, आन् त्यालेच रोट नही?" आजी म्हणाल्या.

"मग काय करता? देवीचं आहे."

आजींनी सूप उचललं. त्यातले सगळे गहू, सगळ्यांच्या नावांसकट, परत पोत्यात ओतले. कोपऱ्यात जात्याशेजारी ठेवलेला ज्वारीचा डबा पुढे ओढला.

दीर ताडकन उभे राहिले. "वहिनी! ज्वारीचा रोट? भाऊबंदांत तोंड दाखवायचंय ना? कानबाई कोपेल!"

आजींनी वर बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"भाऊ, तुमी तवय पाच वरीसना व्हतात. घरमा गव्हाना दाणा नव्हता. सासूबाईंनी दार लावं आन् याच जातावर ज्वारी दळी. बाहेर सांगं, गव्हाना रोट शे. मले शपथ घाली. चार वरीस आसंच. तुमीच सगळ्यांत जास्ती खाल्ला."

दीर तसेच उभे.

"आन् कानबाई तवयबी आली व्हती," आजी म्हणाल्या.

दीर खाली बसले. बराच वेळ जात्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात लांब करून कार्तिकला जवळ बोलावलं, मांडीवर घेतलं आणि ज्वारीच्या डब्याचं झाकण स्वतः काढलं.

"पहिल्यापासून मोजा," ते म्हणाले. "याचं नाव आधी."