नमुनामावशी

नमुनामावशीला प्रश्न पडला नाही, असा दिवस गेला नसेल. मेंढरं घेऊन जाता जाता ती आमच्या दारात थांबायची आणि विचारायची, "मेंढराला सपान पडत असंल का गं?" तोवर मेंढरं आईनं वाळत घातलेल्या तुरीला तोंड लावायची. आई वैतागायची, मी मात्र विचारात पडायचे.

तिचं खरं नाव गयाबाई. पालमला आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. एकदा ताप हटेना म्हणून तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर शिकाऊ पोरापोरींचा घोळका घेऊन आले, तिच्या मनगटावरच्या काळ्या खपलीचा फोटो काढला, रक्त काढलं आणि म्हणाले, "हा नमुना जपून ठेवा." मावशी बरी होऊन आली ती धुसफुसतच. "चार लोकांत मला नमुना म्हनले," ती सांगायची. गल्लीनं हसून घेतलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

नमुना रक्ताला म्हणतात, हे कुणीतरी समजावल्यावर राग गेला, पण नवा प्रश्न आला. त्या रक्ताचं त्यांनी केलं काय? तिनं मास्तरांना विचारलं, कंपाउंडरला विचारलं, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सोडलं नाही.

तिच्या त्या मनगटावर गोंदण होतं. हौसेनं मेंढरू गोंदायला सांगितलं, गोंदणारणीनं काढलं ते थेट कुत्रं दिसायचं.

पुढं मी नर्सिंगला गेले. एकदा बाई झुडपातल्या किड्याच्या चाव्यानं येणारा ताप शिकवत होत्या. पडद्यावर हाताचा फोटो आला. काळी खपली, आणि शेजारी ते कुत्रं. तो मावशीचाच हात होता. अशा रुग्णांच्या रक्तावर काम करूनच या तापाची तपासणी निघाली, असं बाई सांगत होत्या. हा हात कुणाचा, मी विचारलं. बाईंना ठाऊक नव्हतं.

सुट्टीत एसटीतून उतरले ती थेट मावशीकडे गेले. ती अंथरुणाला खिळली होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, त्यानं कुणी बरं झालं का? पुष्कळ जण, मी म्हणाले. ती खूश झाली. मग मनगटाकडं बघत म्हणाली,

"इचारलं असतं तर मी न्हाई म्हनले असते का गं?"

त्या दवाखान्याचा राग मला अजून येतो.

दिवाळीच्या आत मावशी गेली. आता मी आरोग्य केंद्रात आहे. परवा मेंढरं राखणारी एक म्हातारी ताप घेऊन आली. रक्ताचा नमुना घेऊ का, मी विचारलं. तिनं झटक्यात हात मागं घेतला.

"नमुना कुनाला म्हनलीस?"

सुई बाजूला ठेवून मी तिच्याजवळ बसले आणि सांगू लागले, "आजी, पालमला एक गयाबाई होती..."