बरोबर साडेपाच तास

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. सकाळी सहा दहाला उठले. हवेत गारवा. पोहे. बीपीची गोळी आठ वाजता. अकराला रूपालीचा फोन. रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली, कपडे बांधून ठेव. साडेचारला देवीदास आला, कॉम्प्युटरचा सेल बदलला, तिसऱ्यांदा. मेथीची जुडी निम्मी पिवळी निघाली.

ललिताबाई गावंडे यांच्या डायरीत मोठी गोष्ट लहान गोष्टींच्या मधे अशीच अंग चोरून बसलेली असते. वडील अंजनगावचे शेतकरी, पण मुलीनं इंग्रजी शिकावं ही हौस, म्हणून त्यांनी तिला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ठेवलं. तेरा वर्षांची असताना तिथल्या सिस्टरनं हातात वही दिली आणि सांगितलं, रोज लिहायचं, वेळेसकट लिहायचं, रडगाणं लिहायचं नाही. त्या दिवसापासून आज शहात्तराव्या वर्षापर्यंत एक दिवस रिकामा गेलेला नाही. लग्नाच्या दिवशीही नवरीनं लिहिलं होतं की वरात पन्नास मिनिटं उशिरा आली. यजमान गेले त्या तारखेला वेळ, डॉक्टरांचं नाव आणि नळाला पाणी न आल्याचं लिहिलं आहे. बाकी काही नाही. त्या पानावरचं अक्षर मात्र जरा तिरकं आहे.

अशा बाईला विसरायला होतं, असं तिच्या पोटच्या मुलीनं ठरवलं होतं.

रूपाली अकोल्याला शाळेत गणित शिकवते. वडील गेल्यावर आई अमरावतीच्या घरात एकटी राहते ही गोष्ट तिच्या मनातून कधी गेलीच नाही. तोडगा निघाला होता तो असा: आईनं सकाळ-रात्रीच्या गोळ्या आणि बीपीचे आकडे कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरायचे आणि दर रविवारी अकोल्याला पाठवायचे. तक्ता ललिताबाईंच्या भाच्यानं, म्हणजे विपुलनं करून दिला. एक कळ दाबली की शेजारच्या रकान्यात वेळ आपोआप पडते, ती हातानं बदलता येत नाही. ही शेवटची सोय रूपालीला फार आवडली होती.

कॉम्प्युटर जुना, यजमानांच्या वेळचा. त्यावर विंडोज होतंच. ते रांगायला लागलं म्हणून विपुलनं बंगलोरला जाण्याआधी त्याच्या शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवून दिली. सुरू करताना दोन नावांची यादी येई. वरचं नाव निवडलं की लिनक्स, खालचं निवडलं की विंडोज. ललिताबाईंनी त्यांना वरचा मजला आणि खालचा मजला अशी नावं देऊन टाकली. वरच्या मजल्यावर गोळ्यांचा तक्ता. खालच्या मजल्यावर महिला मंडळाच्या पत्रिका, कारण मंडळाची जुनी मराठी अक्षरं तिथंच उमटत. इंटरनेट फक्त रविवारी, अकोल्याला तक्ता पाठवण्यापुरतं. एरवी त्याची तार काढून, गुंडाळून, खणात.

दिवाळीच्या आसपास रूपालीला तक्त्यात दिसलं की आई सकाळची गोळी दुपारी दीड वाजता घेते आणि रात्रीची पहाटे पावणेतीनला. पहिल्यांदा तिनं सोडून दिलं. दुसऱ्यांदा तेच दिसलं तेव्हा बारा तारखेच्या मंगळवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन केला. ललिताबाई म्हणाल्या, मी आठला घेतली, वहीत लिहिलंय.

"आई, वहीत तू लिहितेस. तुला वाटतं आठ वाजले, तू आठ लिहितेस. कॉम्प्युटरला काही वाटत नसतं."

 त्रेसष्ट वर्षांत ललिताबाईंच्या वहीवर कुणी असा आळ घेतला नव्हता.

मग त्या दोन दिवसांत चौकशा सुरू झाल्या. रूपाली दिवसातून तीनदा फोन करून आज वार कोणता विचारू लागली. ललिताबाई वार, तिथी आणि सूर्योदयाची वेळ सांगून फोन ठेवत. शेजारची सीमा आमटीची वाटी घेऊन आली आणि दारातच, फार मोठ्यानं म्हणाली, "काकू, ओळखलं का मला?" ललिताबाईंनी तिला ओळखलं, आणि मार्च महिन्यात नेलेला खलबत्ता अजून आला नाही हेही सांगितलं. सीमानं तो संध्याकाळी आणून दिला. पण तरी, रात्रीची गोळी हातात घेऊन ललिताबाई भिंतीवरच्या घड्याळासमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहू लागल्या. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या. पुन्हा मोजल्या. अकोल्याला रूपालीनं एक खोली रिकामी करून रंगही लावून घेतला होता, हे त्यांना जावयाकडून, नितेशकडून कळलं. तो बिचारा चांगल्या मनानं सांगत होता.

दरम्यान खालच्या मजल्याची तक्रार वेगळीच होती. तिथलं घड्याळ सारखं मागे पडायचं. पत्रिका छापायला बसावं तर सकाळी अकराला कोपऱ्यात पहाटेचे साडेपाच. म्हणून देवीदास यायचा.

देवीदास मूळचा वलगावचा. आधी शेतातल्या पंपांच्या मोटारी वाइंड करायचा, मग दुकानाच्या पाटीवर त्याच रंगात खाली 'व कॉम्प्युटर' असं लिहून घेतलं. माणूस प्रामाणिक, हात चलाख. फक्त एक होतं, यंत्राचं कुठलंही दुखणं एकतर सेलमध्ये असतं नाहीतर अर्थिंगमध्ये, यावर त्याची निष्ठा होती. तो विंडोज उघडायचा, घड्याळ लावायचा, पेटीतल्या घड्याळाचा सेल बदलायचा. वरच्या मजल्याकडे त्यानं कधी पाहिलं नाही. त्याला तो 'तुमचा दुसरा' म्हणायचा आणि परक्याच्या घरात कशाला डोकावायचं, अशा तोंडानं बाजूला व्हायचा.

"मागच्या मंगळवारीच सेल घातलास ना?" ललिताबाईंनी विचारलं होतं.

"तो बी गेला असंन, काकू. आजकालचे सेल काई खरे नाई."

गुरुवारी नितेशनं तक्त्याचा फोटो फोनवर पाठवला. आईंनी स्वतः बघावं म्हणजे त्यांनाही पटेल, असा त्याचा हेतू. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ललिताबाईंना पडद्यावरचा वेळेचा तो फिकट, बारीक रकाना धड दिसत नसे. फोनवर तो बोटांनी ताणून मोठा करता आला. त्यांनी वही आणली, कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर पट्टीनं रेघ मारली आणि दोन बाजू केल्या. वहीत आठ, तक्त्यात दीड. वहीत रात्रीचे सव्वानऊ, तक्त्यात पावणेतीन. वहीत आठ दहा, तक्त्यात एक चाळीस.

प्रत्येक ओळीची वजाबाकी केली. साडेपाच तास. साडेपाच तास. साडेपाच तास.

ललिताबाईंनी चष्मा काढून पुसला. विसरणारं माणूस कधी तासभर चुकेल, कधी दिवसभर. इतक्या काटेकोरपणे चुकायला फार शहाणं डोकं लागतं.

आणि साडेपाचचा आकडा तर त्यांच्या तळहातावर छापलेला होता. भूगोलाच्या तासाला ग्रिनिच आणि भारत यांच्या वेळेत किती अंतर, हे न सांगणाऱ्या मुलीला सिस्टर पट्टीच्या धारेनं मारत. म्हणजे त्यांच्या घरात कुणीतरी लंडनचं घड्याळ धरून बसलं होतं. कोण, ते शोधायला त्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. चुकीच्या ओळी रोजच्या नव्हत्या. बावीस ऑक्टोबरनंतर रविवारपर्यंत. मग बरोबर. पाच नोव्हेंबरनंतर पुन्हा रविवारपर्यंत. मग बरोबर. बावीस आणि पाच या दोन्ही तारखांना वहीत एकच पाहुणा होता.

शुक्रवारी सकाळी देवीदास समोर बसला होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

"म्हंजे मीच बिघडवून राहिलो?"

"तू नीट करून जातोस. त्याच्यानंतर बिघडतं."

"असं काहून होईन जी?"

"बघू या," ललिताबाई म्हणाल्या आणि वहीत वेळ टाकली.

देवीदासनं खालच्या मजल्यावर घड्याळ बरोबर लावलं. बंद करून वरच्या मजल्यावर गेले, तर तिथलं घड्याळ साडेपाच तास पुढे. ललिताबाईंनी खणातून तार काढून इंटरनेट जोडलं. थोड्या वेळात वरचं घड्याळ आपणहून जागेवर आलं. म्हणूनच रविवारी सगळं ठीक दिसायचं. पुन्हा खाली गेले, तर तिथं साडेपाच तास मागे. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच.

देवीदास खुर्चीत मागे रेलला. पेटीच्या आत सर्किटच्या पट्टीवर घड्याळ एकच असतं, एवढं त्याला ठाऊक होतं. सेल त्याचाच असायचा. आता ललिताबाईंचा लंडनचा हिशेब त्याला जोडला आणि त्याच्या डोळ्यांत उजेड पडला. खालचा मजला त्या घड्याळात आपली वेळ आहे असं धरून चालतो आणि जशीच्या तशी वाचतो. वरचा धरतो की ती ग्रिनिचची आहे, आणि साडेपाच तास मिळवून दाखवतो. जो शेवटचा येतो तो आपल्या रीतीनं घड्याळ लावून जातो.

"आमच्या वावरात असंच हाय, काकू. विहीर एक अन् भाऊ दोन. मोठा जाताना व्हॉल्व आपल्या वावराकडे फिरवून जाते, लहाना येते तो आपल्याकडे फिरवते. दोघं बी म्हंतेत, मी तं नीट करून गेलो होतो."

"मग तिथं काय केलंत?"

"काई नाई. भांडून राह्यले अजून."

इथं तसं करून चालणार नव्हतं, रविवार परवावर आला होता. लिनक्समधली मदतीची पानं इंग्रजीत होती. देवीदासला इंग्रजी वाचताना घाम फुटे, आणि ललिताबाईंना त्यातला शब्द न् शब्द कळे पण अर्थ लागत नसे. तेव्हा असं ठरलं की काकूंनी मोठ्यानं वाचायचं, मराठीत सांगायचं आणि देवीदासनं ऐकायचं. वसतिगृहात बायबल वाचावं तशा संथ, स्पष्ट आवाजात त्यांनी दीड तास वाचलं. देवीदास डोळे मिटून ऐकत होता. त्याला झोप लागली की काय असं वाटत असतानाच त्यानं हात वर केला.

"हे. आत्ता जे वाचलं ते. पट्टीवरचं घड्याळ इथल्या वेळेचं हाय असं त्याले सांगाचं. लिवा."

एकच ओळ होती. ललिताबाईंनी ती एका बोटानं, मधल्या आडव्या रेघांसकट लिहिली, पासवर्ड दिला आणि पडद्याकडे पाहिलं. मग पट्टीवरचं घड्याळ विचारून पाहिलं, तर उत्तराखाली इंग्रजीत एक मोठा परिच्छेद आला.

"काय म्हंते?"

"म्हणतं, असं करणं बरं नव्हे, अडचणी येतील, मी तुम्हाला बजावून ठेवतो. पण केलंय."

"मोठी वहिनी अशीच हाय आमची," देवीदास म्हणाला आणि पिशवीतला नवा सेल परत खिशात घातला.

खाली गेले. अकरा चाळीस. वर आले. अकरा बेचाळीस. भिंतीवर अकरा बेचाळीस. इंटरनेटची तार काढून पुन्हा केलं. देवीदासनं चहा नको म्हणून सांगितलं आणि दोन कप प्याला.

रविवारी दहाच्या सुमारास गाडी आली. नितेशनं रिकामी खोकी ओट्यावर आणून ठेवली. कपडे बांधलेले नाहीत हे रूपालीनं दारातूनच पाहिलं आणि ती ज्या आवाजात सातवीच्या वर्गाशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "आई, आपलं काय ठरलं होतं?"

ललिताबाईंनी कॅलेंडरचं पान तिच्यापुढं सरकवलं, वर वही ठेवली, आणि शुक्रवारपासूनचा तक्ता उघडून दिला.  रूपालीनं पहिली वजाबाकी उभ्यानं केली, दुसरी खुर्चीच्या कडेला टेकून. तिसरीला तिनं पर्समधून पेन काढलं. सगळ्या ओळी होईपर्यंत मान वर केली नाही. नितेश दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. खोकी आत आणायची की गाडीत, ते त्याला कळेना.

"वीस ओळींत एका मिनिटाचाही फरक नाही," रूपाली शेवटी म्हणाली.

"नाहीये."

"मी तुला वेडी ठरवलं."

"विसराळू," ललिताबाईंनी दुरुस्त केलं. "वेडी कुणी म्हटलं नाही. मी लिहून ठेवलंय."

रूपालीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. खोलीला आकाशी रंग दिलाय, ती म्हणाली, तुला आवडतो म्हणून. तिनं विचारलं, "मग तू येत नाहीस?"

"येईन ना. संक्रांतीला. आठ दिवस राहीन. आणि मला आकाशी आवडत नाही, तुझ्या बाबांना आवडायचा."

नितेशनं खोकी उचलून पुन्हा गाडीत नेली. जेवणं झाली, वांग्याची भाजी, भाकरी. निघताना रूपालीनं गॅसचा कॉक दोनदा तपासला, तेवढं ललिताबाईंनी चालवून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी वही उघडली. वेळ टाकली, पाहुण्यांची येण्या-जाण्याची नोंद केली आणि खाली लिहिलं: गहू निवडले, पाच किलो. उद्या दळायला द्यायचे.